कपाटातला देवदार

गवतावर एम.एस्सी. करते आहे असं सांगितलं की लोक हसायचे. मुलुंडमध्ये तेव्हा म्हशींचे गोठे होते, त्यामुळे हसणाऱ्याला विनोद शोधायलाही लांब जावं लागत नसे. "एवढं शिकून शेवटी गवतच ना?" असं नवऱ्याच्या आत्याने लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत विचारलं होतं. मी म्हटलं, "तुमच्या ताटातला भातसुद्धा गवतच आहे." त्यानंतर आत्याबाई बरेच दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत, आणि त्याचं दुःख मला तरी झालं नाही.

साठचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. प्रबंध लिहून पदवी मिळवायची सोय विद्यापीठात होती. माझे मार्गदर्शक शहरातल्या कॉलेजात शिकवत. त्यांनी सांगितलं, अधूनमधून येऊन काम दाखवून जा, बाकीचं घरी कर. विषयही मी घराजवळचाच घेतला होता, मुलुंडच्या डोंगरावरची गवतं. डोंगर मागच्या खिडकीतून दिसायचा. अडचण वेगळीच होती. गवत ओळखणं म्हणजे आंबा-फणस ओळखणं नव्हे. दोन गवतं शेजारीशेजारी उगवतात, सारखीच हलतात, सारखीच वाळतात, आणि कणसातलं कुसळ वाकडं की सरळ एवढ्यावरून त्यांची जात ठरते. त्यासाठी वनस्पतींचे जाडजूड कोश लागतात, सूक्ष्मदर्शक लागतो, आणि जाणत्या माणसाने पूर्वी गोळा करून नाव लिहून ठेवलेले वाळवलेले नमुने लागतात. हे सगळं शहरात होतं. माझं मूल जेमतेम चालायला लागलं होतं, सासूबाई ते दुपारपुरतं सांभाळत, नवरा सकाळी कचेरीत गेला की दिवेलागणीला यायचा, आणि रोज शहरात जाऊन येणं मला शक्य नव्हतं.

आमच्या वाचनालयात हे मिळेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत कथा-कादंबऱ्या आणि मासिकं, बाहेरच्या दालनात वर्तमानपत्रांची उतरती टेबलं. दुपारी दोन ते चार ही वेळ स्त्रियांसाठी राखीव. त्या वेळात बाहेरचं दालन बंद ठेवत, कारण बायका वर्तमानपत्रांच्या घड्या विसकटतात अशी समितीची समजूत होती. एकदा जिन्यावरून जाताना दार किलकिलं दिसलं म्हणून मी डोकावले, तर भिंतीशी एक काचेचं कपाट. वरच्या फळीवर पितळी सूक्ष्मदर्शक, कुण्या डॉक्टरांनी दिलेला. त्याखाली पक्ष्यांची पुस्तकं, आकाशाचे नकाशे, भरती-ओहोटीची कोष्टकं, आणि अगदी तळाला, खाकी कव्हरं घातलेले, आमच्या प्रांतातल्या वनस्पतींचे कोश. मी काचेला नाक लावून एकेक नाव वाचलं, इतका आनंद झाला.

कार्यवाह म्हणाले, "ते संदर्भ विभागाचं आहे. घरी देत नाही."

"मला इथेच बसून बघायचंय."

"दालन दुपारी बंद असतं. संध्याकाळी यजमानांना पाठवा, ते बघून घेतील."

"यजमानांना गवत आणि कोथिंबीर यातला फरक कळत नाही," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

ते हसले आणि विषय संपला असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी माझी गवतं घेऊन आले आणि वाचनालयाच्या जिन्यातच बसले. पायऱ्यांवर कागद अंथरले, कागदांवर गवत पसरलं, हातात भिंग घेतलं आणि काम सुरू केलं. वर जाणाऱ्या प्रत्येकीला साडी सावरून भिंतीला चिकटून जावं लागत होतं. प्रत्येकीने विचारलं, प्रत्येकीला मी सविस्तर सांगितलं. आठवडाभरात अध्यक्षांच्याच पत्नी एकदा अडखळल्या. त्यानंतर बाहेरचं दालन दुपारीही उघडायला लागलं, आणि वर्तमानपत्रांच्या घड्यांचं काही बिघडलं नाही.

जिन्यात गवत पसरून बसणारी बाई ही बातमी डोंगरापाशी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांपर्यंत पोचली. ते वनखात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. सगळे त्यांना साहेब म्हणत आणि जरा लांबच राहत. ते एका दुपारी सरळ दालनात आले, माझ्या टेबलावरचं एक गवत उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "चुकीचं नाव लावलंय." मी म्हटलं, "मग बरोबर सांगा." त्यांनी सांगितलं. मी कोशात पाहिलं, ते बरोबर होते, आणि मला अतिशय राग आला. आमची ओळख अशी झाली.

त्यांच्याकडे आयुष्यभराचा संग्रह होता. जाड पांढऱ्या कागदावर वाळवलेली वनस्पती दोऱ्याने टाचलेली, कोपऱ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि जागा. बहुतेक गवतंच, कारण त्यांची नोकरी कुरणांत गेली होती. थोडी झाडंही होती, अगदी तरुणपणी डेहराडूनला शिकत असताना जमवलेली. तो संग्रह त्यांनी वाचनालयाला देऊ केला, पण अट घालून. "वर्षभर ठेवतो. कपाटात नुसता कुजणार असेल तर उपयोग नाही, लोकांनी वापरला पाहिजे. आणि वापरताना एक जरी नमुना गेला, तरी सगळा उचलून शहरातल्या कॉलेजला देईन. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी येऊन एकेक कागद बघणार." समितीने मान हलवली. कार्यवाहांनी जरा जास्तच जोरात हलवली, कारण ते कपाट रिकामं झालं तर त्यांना तिथे रहस्यकथा लावायच्या होत्या.

माझं मात्र सगळं त्यावर अवलंबून होतं. साहेबांची गवतं माझ्या गवतांशेजारी ठेवल्याशिवाय माझा प्रबंध पुरा होणार नव्हता. संग्रह शहरात गेला की माझी पदवीही त्याच्यामागून गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तेव्हा लोकांनी कपाट वापरायला हवं होतं, आणि दुपारचे लोक म्हणजे बायका. मी त्यांना भरती-ओहोटीची कोष्टकं दाखवली, त्यांनी जांभया दिल्या. साखरेतली मुंगी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा दोघीतिघी किंचाळल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. मग श्रावण आला आणि मला पत्री सुचली.

गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहतात. पोथीत प्रत्येकीचं नाव येतं आणि त्या नावाला ते ते पान हातात असावं लागतं. पण आम्ही सगळ्या बाजारातून जुडी आणणाऱ्या. जुडीत काय असेल ते असेल, पोथी वाचणारा नाव घेतो आणि आपण पुढचं पान उचलतो. मी फळ्यावर लिहिलं, "एकवीस पत्री : खरी कोणती, खोटी कोणती. दुपारी दोन वाजता, विज्ञानाच्या कपाटापाशी." हरतालिकेच्या आधीचा आठवडा होता. दालनात पाय ठेवायला जागा उरली नाही. अध्यक्षांच्या पत्नी खुर्ची धरून बसल्या. माझ्या सासूबाईही आल्या, तिसऱ्या रांगेत, मांडीवर माझं मूल घेऊन.

मी बाजारातली जुडी सोडली आणि एकेक पान कोशातल्या चित्राशी लावून दाखवत गेले. डोरली म्हणून दिलेलं पान भलत्याच झाडाचं निघालं. विष्णुक्रांत जुडीत नव्हतीच. बायका वाकून बघत होत्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मला इतकं झकास वाटत होतं की थांबायचं सुचेना. शेवटी मी जुडीतलं लांबट, कडेला नागमोडी पान वर धरलं. "हे देवदार म्हणून देतात. हा आसोपालव आहे. बंगल्यांच्या फाटकाशी सरळसोट उभा असतो तो. देवदार हिमालयात होतो आणि त्याला असलं पान नसतंच, त्याला सुया असतात. हा बघा खरा." आणि साहेबांच्या संग्रहातला डेहराडूनकडचा कागद मी उघडून दाखवला. टाक्यांनी जपलेली बोटभर फांदी, तिच्यावर सुयांचे झुबके.

"मग इतकी वर्षं आम्ही देवाला काय वाहिलं?" एकीने विचारलं.

"आसोपालव," मी म्हटलं आणि सगळ्यांकडे बघून हसले.

घरी येताना सासूबाई मागेमागेच राहत होत्या. मला वाटलं, मूल कडेवर घेऊन चालताना दम लागला असेल.

पुढचे दिवस कपाटापाशी गर्दीच होती. बायका पानं घेऊन यायच्या, चित्रांशी लावून बघायच्या, भांडायच्या. सासूबाईही रोज येत होत्या. चतुर्थीपासून गौरी जाईपर्यंत वाचनालय बंद होतं. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. नवरा पूजेला बसला, सासूबाई पोथीतली नावं ऐकत एकेक पत्री त्याच्या हातात देत होत्या, आणि मी स्वयंपाकघरात मोदकांची उकड मळत होते. दुसऱ्या दिवशी मूर्ती आणि निर्माल्य तलावात गेलं.

वाचनालय उघडलं त्या दुपारी मी साहेब यायच्या आधी सगळं तपासून ठेवावं म्हणून गठ्ठे काढले. गवतं सगळी जागेवर. झाडांच्या गठ्ठ्यात डेहराडूनचा कागद होता, चिठ्ठी होती, कागदावर फांदीच्या आकाराचा पिवळट डाग होता आणि दोनचार गळलेल्या सुया. फांदी नव्हती.

पहिल्यांदा मला कार्यवाहांचा संशय आला आणि मी तशी जिन्याकडे निघालेही. मग परत येऊन कागद उजेडात धरला. कुणी ओरबाडलं नव्हतं. एकेक टाका मधोमध कापून, दोरा ओढून काढून, कागदाला भोक न पाडता सगळं उसवलं होतं. झंपर उसवून पुन्हा शिवायचा असतो तेव्हा असं उसवतात. असं उसवणारं माणूस मला ठाऊक होतं. माझे सगळे झंपर त्याच माणसाने सैल करून दिले होते.

सासूबाई घरी शेंगा सोलत बसल्या होत्या. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"मी नेला," त्या म्हणाल्या. हातातली शेंग सोलून झाल्यावर म्हणाल्या. "तू त्या मास्तरणीला कुसळ दाखवत होतीस तेव्हा."

"आई, वाट लागली माझी. तुम्हाला माहितीये का काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? देवाला वाहिला."

"वाळकी फांदी?"

"बेल वाळला तरी शिळा होत नाही. हा तर हिमालयातला. हा कशाला शिळा होतोय?" मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तूच सांगितलंस ना चारचौघींत, की आम्ही जन्मभर खोटं वाहिलं. मला झोप लागली नाही गं. आणि यंदा तुझी परीक्षा. तुझ्यासाठी मागायचं आणि हातात खोटं पान ठेवायचं, हे मला जमेना."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आले की माझा आवाज चढतो. मी त्यांना अट सांगितली. संग्रह जाणार, प्रबंध जाणार, दोन वर्षं डोंगर तुडवला तो फुकट.  शेंगांचं ताट बाजूला सरकवून त्या म्हणाल्या, "रविवारी मी येते."

"तुम्ही कशाला? मी बघते."

"तू काय बघणार? चोरी तू केलीस का?"

रविवारी दालनात साहेब, अध्यक्ष, कार्यवाह आणि मी. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. साहेबांनी गठ्ठे सोडून एकेक कागद उलटायला सुरुवात केली, तोच त्या म्हणाल्या, "उगाच शोधू नका. झाडांच्यात आहे. देवदार गेलाय. मी काढला."

कार्यवाह म्हणाले, "अहो काकू, काय हे." त्यांच्या चेहऱ्यावर रहस्यकथांच्या फळ्या दिसायला लागल्या होत्या.

साहेबांनी रिकामा कागद काढला, टाक्यांच्या जागा बोटाने चाचपल्या. "काय केलंत त्याचं?"

"गणपतीला वाहिला. निर्माल्याबरोबर गेला तळ्यात."

"अट माहीत होती?"

"तेव्हा नव्हती. असती तरी नेला असता." मी डोळे मिटले. त्या थांबल्या नाहीत. "ही तुमच्या गवतापायी दोन वर्षं उन्हातान्हात हिंडली. हिला पास कर, एवढंच मागायचं होतं. ते खोटं पान देऊन कसं मागू?"

"आणि आता संग्रहच गेला म्हणजे ही पास कशी होणार?"

"तेच विचारते. चोरी माझी आणि शिक्षा हिला, हा कुठला न्याय? शिक्षा द्यायची तर मला द्या."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. त्यांची नोकरी कुरणा-जंगलांत चोर पकडण्यात गेली होती, पण इतक्या ताठ मानेने उभा राहिलेला चोर त्यांनी बहुधा पाहिला नसावा. "काय शिक्षा देऊ तुम्हाला?"

"राखण करते. रोज दोन ते चार. तुमचं कपाट उघडलं की मी शेजारी बसणार, मिटलं की उठणार. हे लोक नुसतं कुलूप लावतात. कुलूप उघडं असताना वस्तू कशी जाते, ते यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे."

अध्यक्ष खोकले. साहेबांनी कार्यवाहांकडे हात पुढे केला. "किल्ली द्या यांच्याकडे." कार्यवाहांनी वाचनालयाच्या घटनेतलं कुठलंसं कलम काढलं. साहेब म्हणाले, "किल्ली यांच्याकडे, नाहीतर गठ्ठे माझ्याकडे." किल्ली सासूबाईंच्या कनवटीला गेली. रिकामा कागद साहेबांनी फेकला नाही. पुन्हा गठ्ठ्यात घातला आणि म्हणाले, "याआधी एवढ्या वर्षांत या नमुन्याचा कुणाला काही उपयोग झाल्याचं मला तरी आठवत नाही."

दुसऱ्या दिवसापासून दोनच्या ठोक्याला कपाटाशेजारच्या खुर्चीत सासूबाई. मांडीवर कापूस, हाताने वाती वळणं चालू, नजर टेबलावर. त्यांनी स्वतःचे नियम केले. ओल्या हाताने पुस्तक उघडायचं नाही. पान खाऊन यायचं नाही. कागद उभा धरायचा नाही, आडवाच उलटायचा. वर्तमानपत्र वाचायला चुकून लवकर आलेल्या एका वकिलांना त्यांनी तोंड धुवायला परत पाठवलं. गवतांची लॅटिन नावं त्या कधीच शिकल्या नाहीत, त्यांना गरजही वाटली नाही. "ते केसाळ वाळव आधी, मग ते कुसळवालं बघ," असं मला सांगायच्या. माझं मूल टेबलाखाली गोधडीवर झोपायचं. मी दोन तास मान वर न करता काम करायची. लग्नानंतर कुणी मला सलग दोन तास हाक न मारता राहू दिलं, ते पहिल्यांदाच. साहेब मधूनमधून यायचे, माझी एखादी चूक काढायचे, सासूबाईंना नमस्कार करून जायचे.

वर्ष संपलं तरी संग्रह कुणी हलवला नाही. प्रबंध टंकून झाला, बांधून झाला, तोंडी परीक्षाही झाली. परीक्षकांनी कुसळांवर आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि मी प्रत्येकाला उत्तर दिलं. मला येत होतं, उगाच लाजण्यात काय अर्थ आहे?

निकाल कळला त्या दिवशी मी शहरातून परत आले ती घरी न जाता थेट वाचनालयात गेले. जिना चढतानाच हाका मारत सुटले, "आई, आई, झाले मी."

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "लोक वाचतायत."

दालनात दोनतीन बायका होत्या आणि त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. मी जवळ जाऊन कुजबुजले, "पास झाले." सासूबाईंनी हातातली वात पुरी वळली. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "देवाने ऐकलं हो." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी कापूस पिशवीत भरला. कनवटीची किल्ली काढली आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवली. या कपाटापाशी यायला लागायच्या आधी दोन ते चार या वेळात त्या कधी घराबाहेर पडल्याचं मला माहीत नव्हतं, सण आणि बारसं सोडून. हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे उद्यापासून मी घरी," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. पिशवीचे बंद बांधत होत्या.

"आई," मी म्हटलं, "मला पीएच.डी. करायचीय."

असलं काही मी जिना चढेपर्यंत ठरवलेलं नव्हतं.

त्यांनी मान वर केली. "किती वर्षं लागतात त्याला?"

"पुष्कळ."

"मग कर," त्या म्हणाल्या, किल्ली उचलून कनवटीला लावली, आणि पुन्हा खुर्चीत बसल्या.